मी गाडीखाली होते, तेव्हा स्टेअरिंग कोण फिरवत होतं?

या पानावरचे भुताखेतांचे अनुभव मी दोन-अडीच वर्षं वाचते आहे. लिहिलं कधीच नाही. खरं सांगायचं तर बरेचदा वाचून हसले आहे, मैत्रिणींना स्क्रीनशॉट पाठवून त्यांनाही हसवलं आहे. त्याबद्दल आधी माफी मागते. कारण आता मलाच एक गोष्ट सांगायची आहे, आणि ती वाचून कुणी हसलं तर मला तक्रार करायला तोंड नाही.

मी मेकॅनिकल डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे. शहापूर-मुरबाड रस्त्यावर, किन्हवली आणि सरळगावच्या मध्ये आमचं गाव. आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेली मी पहिलीच. त्यामुळे घरात माझ्या शब्दाला माझ्या लायकीपेक्षा जास्त वजन आहे. रिमोट चालेना, आधार कार्डावर कुणाचं नाव चुकलं, गाईने चारा सोडला... की "रोशनीला विचार." आणि विचारलं की मी काहीतरी सांगते. "मला माहीत नाही" असं म्हणायला मला अजून जमत नाही. ही सवय या सगळ्याच्या मुळाशी आहे, म्हणून आधीच सांगून टाकते.

माझ्या बाबांची पिकअप आहे. जुनी घेतलेली, पॉवर स्टेअरिंग नसलेली. उभ्या गाडीचं चाक वळवायचं तर दोन्ही हातांनी जोर लावावा लागतो. पाऊस संपला की आजूबाजूच्या गावांची भेंडी-काकडी कल्याणच्या बाजारात, उन्हाळ्यात भाताचा पेंढा भिवंडीकडच्या तबेल्यांना, लग्नाच्या दिवसांत मंडपाचं सामान. आमचं घर या गाडीवर चालतं आणि माझी फीसुद्धा.

मागच्या दसऱ्यानंतर थोड्या दिवसांनी स्टेअरिंगमधून आवाज यायला लागला. डावीकडून उजवीकडे किंवा उजवीकडून डावीकडे वळवताना, मध्ये एकदा — टक. लाकडी दारावर कुणी बोटाचं पेर एकदाच आपटावं तसा. सरळ रस्त्यावर नाही, खड्ड्यात कधी येई, कधी नाही. वळणावर मात्र हमखास.

सरळगावला गणू मिस्त्री म्हणून आहेत, आमची गाडी तेच बघतात. त्यांनी गाडी उचलून चाकं हलवून बघितली, लिंक रॉडचे रबरी बुश गेलेत म्हणाले, ते बदलले. एक टाय रॉड एन्डपण बदलला. चाकाला ओढणाऱ्या दांड्याच्या टोकाचा गोल सांधा असतो, तो. गाडी घेऊन निघालो आणि पहिल्याच वळणावर — टक.

बाबा परत फिरले. "मिस्त्री, अजून वाजतंय."

"वाजू दे ना," मिस्त्री म्हणाले. "गाडी म्हातारी झालीय. तुजे गुडघे वाजत नाय का? ते बदललेस का कदी?"

बाबा हसले, पण त्यांच्या डोक्यातून ते जाईना. रात्री जेवताना म्हणायचे, "काय असंल गो?" आणि माझ्याकडे बघायचे. मी पुस्तकं चाळली, व्हिडिओ बघितले. कळलं काहीच नाही. पण ते सांगणार कसं?

आता नारळाबद्दल सांगायला हवं. आमच्याकडे दसऱ्याला गाडी धुऊन पूजा करतात आणि पूजेचा नारळ लाल कपड्यात गुंडाळून गाडीतच बांधतात. तो पुढच्या दसऱ्यापर्यंत हलवायचा नाही. बाबांनी तो स्टेअरिंगच्या दांड्याशेजारी, डॅशबोर्डच्या खाली बांधला होता. एक दिवस मी त्यांच्या शेजारी बसले होते. गाडी वळली, टक झालं, आणि माझी नजर त्या लाल कपड्यावर गेली. मी बोटाने नारळाला ढकललं. आतून आवाज आला — टक. पाणी आटलं होतं, आतला गोटा सुटा होऊन करवंटीवर आपटत होता.

"बाबा," मी म्हणाले, "नारळ वाजतोय."

बाबांनी गाडी बाजूला घेऊन स्वतः नारळ हलवून बघितला. मग असे हसले की त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "च्यायला. आणि तो मिस्त्री माजी गाडी खोलत बसला." त्या दिवशी रस्त्यात जो भेटला त्याला त्यांनी हे सांगितलं. मिस्त्रींना तर मुद्दाम जाऊन. तेव्हापासून मिस्त्री मला "नारळ इंजिनेर" म्हणतात.

मी एकदाच, फार जोर न देता म्हणाले होते, "एकदा काढून बघू का? म्हणजे खात्री होईल."

"दसऱ्याचा नारळ असा मधीच काढत्यात का?" बाबा म्हणाले. "शिकलीस म्हणून कायपन?"

मी विषय सोडला. खरं सांगू? मला बरंच वाटलं. नारळ काढला असता आणि तरी आवाज आला असता तर... मला काहीच माहीत नाही, हे सगळ्यांना कळलं असतं. कॉलेजमध्ये प्रॅक्टिकलला कुणी असा न तपासता निष्कर्ष लिहिला, तर सर जर्नलवर सही करत नाहीत. मी मात्र माझ्या बाबांच्या गाडीच्या बाबतीत तेच केलं, आणि ती गाडी पाच महिने तशीच चालू दिली. माल भरून, पेंढ्याचा डोंगर लादून. कुणी पुन्हा बघितलं नाही, कारण रोशनीने सांगितलं होतं.

होळी झाली. पुढच्या महिन्यात माझ्या मामाच्या मुलाचं लग्न होतं. मामाचं घर टोकावड्याच्या बाजूला, आणि मुलगी ओतूरची. म्हणजे वऱ्हाड माळशेज घाट चढून जाणार. पाहुणे जीपमध्ये, आणि घरची माणसं आमच्या पिकअपमध्ये. मागे ताडपत्री टाकून, सतरा-अठरा जण, त्यात लहान मुलं आणि माझी आईसुद्धा. असं नेऊ नये हे मला माहीत आहे. पण आमच्याकडे असंच नेतात.

लग्नाच्या आदल्या दिवशी शनिवार होता. बाबा आहेराची भांडी आणायला शहापूरला आले होते, मला कॉलेजवरून घेतलं. दुपारचे अडीच झाले असतील. कडक ऊन. किन्हवली सोडली, पुढे एक उजवं वळण आहे. बाबांनी स्टेअरिंग वळवलं. टक. जोरात, आणि लगेच दुसऱ्यांदा, टक. मला त्या आवाजाची सवय झाली होती. नारळ कपड्यात सैल झाला असेल म्हणून मी न बघताच, तो धरून ठेवायला हात पुढे केला.

हाताला काही लागलं नाही.

मी वाकून बघितलं. नारळही नव्हता आणि लाल कपडाही नव्हता. नुसती सुतळीची गाठ लोंबत होती.

"बाबा, नारळ कुठाय?"

"तो होय. उन्हानं तडकला गो. मागच्या आठवड्यात नदीत सोडला. तडकलेला ठेवू नाय." मग माझा चेहरा बघून म्हणाले, "काय झाला?"

"मग हे काय वाजतंय?"

मला वाटतं, त्यांच्या कानाला तो आवाज इतका सवयीचा झाला होता की ते ऐकतच नव्हते. थोडं पुढे जाऊन म्हणाले, "स्टेअरिंग जरा ढिला लागतो हल्ली. पन गाडी चालतेय ना."

"थांबवा," मी म्हणाले.

"अगो सामान पोचवायचाय. टाइम बग."

"बाबा, थांबवा. उद्या आई बसणार आहे हिच्यात."

रस्त्याच्या डाव्या अंगाला, भातकापणी झालेल्या मोकळ्या खाचरांच्या कडेला एक मोहाचं झाड आहे. तिथे त्यांनी गाडी घेतली. जमीन सपाट. हँडब्रेक ओढला, मागच्या चाकांना दोन दगड लावले. चौफेर शेतं मोकळी, माणूस काय, गुरंही नव्हती. हे सगळं नीट सांगते आहे, कारण नंतर मी स्वतःला हेच प्रश्न परत परत विचारले आहेत.

असा आवाज शोधायची एक साधी पद्धत असते. त्याला दोन माणसं लागतात. एकाने वर बसून स्टेअरिंग थोडंसं इकडे, थोडंसं तिकडे करायचं. दुसऱ्याने खाली पडून एकेका सांध्यावर हात ठेवायचा. जो सांधा गेलेला असतो, तो हाताला धक्का देतो. कानाला आवाज सगळीकडून आल्यासारखा वाटतो, पण हात फसत नाही. हे कॉलेजमध्ये शिकवलं होतं. मी पाच महिन्यांपूर्वीच हे करायला हवं होतं.

मी गोणपाट टाकून उजव्या पुढच्या चाकाच्या मागून आत सरकले. बाबा वर बसले.

"डावीकडे," मी ओरडले.

"हां." चाक पूर्ण वळलं.

"एवढं नको. थोडंसंच. मूठभर."

"थोडासाच फिरवतोय."

"उजवीकडे."

"हां." पुन्हा पूर्ण.

"बाबा, हळू ना. माझी बोटं आहेत तिथे."

"मग बाजूला घे की बोटा. मी काय तुला दिसतोय का खालून?"

असं चाललं होतं. बाबांना धीर नाही. चाकाजवळचे दोन्ही सांधे तपासले, ठीक होते. मी आणखी आत सरकले. स्टेअरिंगचा दांडा वरून, केबिनमधून खाली येतो आणि स्टेअरिंग बॉक्सला जोडलेला असतो. त्या जोडाला क्रॉस म्हणतात. तो दांड्यावर एका आडव्या बोल्टने आवळलेला असतो. तिथे चिखल आणि ग्रीसचा जाड थर होता. मी तो स्क्रूड्रायव्हरने खरवडायला लागले. तेवढ्यात रस्त्यावरून विटांनी भरलेला ट्रॅक्टर गेला. त्याच्या आवाजात बाबा काहीतरी बोलल्यासारखं वाटलं. मी "हो हो" म्हणाले.

ट्रॅक्टर लांब गेला. थर निघाला. मी क्रॉसवर हात ठेवला आणि म्हणाले, "डावीकडे."

चाक वळलं. हळू. हवं तेवढंच.

"उजवीकडे."

तसंच, मूठभर.

"आता कसं," मी म्हणाले. "असंच करा."

उत्तर आलं नाही. बाबा प्रत्येक वेळी "हां" म्हणत होते, ते थांबले होते. मला वाटलं रागावले. "राग आला का?" असं मी विचारलंसुद्धा. वर शांत. पण काम चांगलं चाललं होतं, म्हणून मी पुढे बोलले नाही. मी सांगायचे, आणि दांडा फिरायचा. आणि मग हाताला कळलं. दांडा आधी फिरत होता. नुसता दांडा. मग एक क्षण काहीच नाही. मग टक, आणि खालचा बॉक्सकडचा भाग त्याच्या मागून ओढला जायचा.

मी मोबाइलचा टॉर्च लावला. बोल्टचा नट नव्हताच. बोल्ट अर्ध्याहून जास्त बाहेर आला होता, आणि ग्रीसच्या चिखलाने कसाबसा अडकून होता. तो चिखल मी नुकताच खरवडून काढला होता.

उद्या सकाळी ही गाडी घाटात... तो बोल्ट पडला असता तर बाबांच्या हातातलं चाक नुसतंच फिरलं असतं.

मिस्त्रींना दाखवायला मी फोटो काढायचं ठरवलं. फरक दिसावा म्हणून दोन. "डावीकडे करून धरा," मी म्हणाले. चाक डावीकडे गेलं आणि थांबलं. फोटो काढला. मग मला उजवीकडे हवं होतं, पण घाबरल्यामुळे माझ्या तोंडून पुन्हा "डावीकडे" गेलं. चाक उजवीकडे गेलं. याबद्दल मी शंभर टक्के खात्री देऊ शकत नाही. कदाचित मी उजवीकडेच म्हणाले असेन. पण मला आठवतं ते असं. दुसरा फोटो काढला.

"बास, बाबा. सापडलं."

दांडा स्थिर झाला.

मी सरपटत बाहेर आले, कपडे झटकले आणि ड्रायव्हरच्या दाराशी गेले. दार बंद. काच खाली. आत कुणी नव्हतं.

बाबा दिसले. रस्त्यापासून दीड-दोनशे पावलांवर, खाचरांच्या मधल्या उंच बांधावर. कानाला फोन. आमच्या इथे फोन वाजतो, पण नीट बोलायला असं उंचावर जावं लागतं. माझ्याकडे त्यांची पाठ होती. मी हाक मारली, तेव्हा त्यांनी हात वर केला — थांब. त्या हातात उन्हाने काहीतरी चमकलं. गाडीची किल्ली.

मी खिडकीतून हात घालून स्टेअरिंगला धरलं. लॉक. किल्ली काढली की लागतो तो लॉक. बोटभर इकडे, बोटभर तिकडे, आणि खटकन अडकत होतं. मी दोन्ही हातांनी जोर लावून बघितलं. नाही फिरलं.

मी तिथेच उभी राहिले. गाडीपासून लांब जावंसं वाटत होतं, पण स्टेअरिंगवरून नजर काढवत नव्हती.

बाबा आले. "नवरीचा मामा. नाश्त्याला किती मानसा येनार विचारत व्हता, सोडीचना. सापडला का?"

"तुम्ही कधी गेलात?"

"तुला बोललो की फोन आलाय. तू हो बोललीस."

"ट्रॅक्टर गेला तेव्हा?"

"हां, तवाच."

"मग मला स्टेअरिंग कोण फिरवून देत होतं?"

बाबांनी माझ्याकडे बघितलं. मग पहिल्यांदा काय केलं, तर खाली बसून मागच्या चाकांचे दगड बघितले. हँडब्रेक बघितला. मी खाली असताना गाडी सरकली की काय, ही त्यांची भीती. गाडी तिथेच होती. मग त्यांनी केबिन बघितली, मागचा हौदा बघितला, भांड्यांची खोकी हलवून बघितली. चारी बाजूला शेताकडे बघितलं. उन्हात सगळं स्पष्ट दिसत होतं, लपायला एक झुडूप नव्हतं.

"तू किल्ली लावलीस?"

"किल्ली तुमच्याकडे आहे."

त्यांनी हातातल्या किल्लीकडे बघितलं, जणू ती दुसऱ्या कुणाची आहे. मग खिशात टाकली. नंतर बराच वेळ आम्ही मोहाच्या सावलीत बसलो होतो. मध्येच ते म्हणाले, "फिरवत व्हता तो... चांगला फिरवत व्हता?"

"तुमच्यापेक्षा चांगला," मी म्हणाले. ते हसले नाहीत. मीही नाही.

आम्ही दोघे बांधावर गेलो, बाबांनी मिस्त्रींना फोन केला, मी फोटो पाठवले. तासाभरात ते मोटरसायकलवर आले. आल्या आल्या म्हणाले, "काय नारळ इंजिनेर, आज काय सुपारी सापडली का?" मग खाली शिरले आणि आवाज बंद. बाहेर आले तेव्हा त्यांच्या हातात तो बोल्ट होता. बोटाने काढला होता, पान्याशिवाय.

"ह्यो बगायचा माज्या हातनं ऱ्हायला," ते बाबांना म्हणाले. "मी खालीच बगत ऱ्हायलो, चाकाकडं. वर हात घातलाच नाय." मग माझ्याकडे वळून हळू म्हणाले, "पोरी, तुज्यामुळं उद्याची मानसा वाचली."

मला रडू आलं. कारण ते खरं नव्हतं. माझ्यामुळे पाच महिने तो बोल्ट सुटत गेला होता.

नवा बोल्ट, स्प्रिंग वॉशर, डबल नट. क्रॉसच्या आतले दाते झिजलेत का, तेही त्यांनी बघितलं. थोडे झिजले होते, लग्नानंतर क्रॉसच बदलून घे म्हणाले. बाबा वर बसले, मिस्त्री खाली. डावी, उजवी. आवाज नाही. पूर्ण बंद. हात पुसता पुसता मिस्त्रींनी विचारलं, "पन शोधलास कसा गो? ह्याला वर दुसरा मानूस लागतोच."

मी तोंड उघडलं.

"मी व्हतो ना वर," बाबा म्हणाले.

माझ्या बाबांना मी खोटं बोलताना कधी ऐकलं नव्हतं. मालाच्या वजनातसुद्धा नाही. मिस्त्री "हां, मग बरोबर" म्हणून निघून गेले.

घरी पोचलो. गाडी उभी केल्यावर मी विचारलं, "खोटं का बोललात?"

"खरा बोललो असतो तर उद्या ह्या गाडीत कोन बसला असता?" ते म्हणाले. "तुजी आय बसली असती? लग्न ऱ्हायला असता बाजूला, न् भूत उतरवायला गाडीवर भगत बसवला असता." मग म्हणाले, "गाडीत आता फॉल्ट नाय. तेवढा तुजा बगून झालाय. बाकीचा मला नाय कळत. तुला कळतंय का?"

"मला माहीत नाही," मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी घाट चढलो, उतरलो. मागे बायका गाणी म्हणत होत्या, मुलं ताडपत्रीतून हात बाहेर काढून ओरडा खात होती. मी केबिनमध्ये बाबांच्या शेजारी. प्रत्येक वळणाला मी श्वास रोखून ऐकत होते, आणि स्टेअरिंग गप्प होतं. इतकं गप्प की मला तो जुना आवाज बरा वाटायला लागला. एका वळणावर बाबांनी स्टेअरिंगवरचा एक हात काढून पँटला पुसला, आणि परत ठेवला. बस, बाकी काही झालं नाही. लग्न छान झालं.

यावर मी काय काय तपासलं ते सांगते, म्हणजे तुम्हाला तेच सुचवावं लागणार नाही. माझे दोन फोटो आहेत. त्यांच्यावर वेळ आहे: तीन वाजून अकरा मिनिटं आणि तीन वाजून बारा मिनिटं. दोन्हींत क्रॉस वेगवेगळ्या बाजूला वळलेला दिसतो. बाबांच्या मोबाइलमध्ये तो कॉल आहे: तीन वाजून चार मिनिटांनी सुरू, सोळा मिनिटांचा. नवरीच्या मामालाही मी लग्नात सहज म्हणून विचारलं. बाबा सगळा वेळ आपल्याशी बोलत होते, असं ते म्हणाले. टायरखालच्या मातीत चाक वळल्याच्या खुणा होत्या, पण त्या बाबांनी आधी वळवलं तेव्हाच्याही असतील, म्हणून त्या मी धरत नाही.

चाकाकडून धक्का बसून दांडा फिरला असेल, असाही विचार केला. पण उभ्या गाडीची चाकं आपण होऊन वळत नाहीत. आणि माझ्या हाताखाली दांडा आधी फिरत होता, वरून, आणि खालचा भाग त्याच्या मागे. वर लॉक होता. आमच्या सरांना मी गाडीचं नाव न घेता विचारलं, "सर, लॉक लागलेला असताना वरचा दांडा फिरू शकतो का?" सर म्हणाले, "लॉक तुटला असेल तर." क्रॉस बदलायला गाडी उघडली, तेव्हा मी लॉक स्वतः बघितला. शाबूत आहे.

मला भास झाला असेल, असं एक मैत्रीण म्हणाली. असेल. मी त्या दुपारी घाबरले होते, हे खरं आहे. पण मी घाबरले ते बोल्ट दिसल्यावर. आधी नाही. आणि फोटोला भास होतो का, हे मला माहीत नाही.

हे लिहू का, असं बाबांना विचारलं. ते म्हणाले, "लिही. गाडीचा नंबर टाकू नको." म्हणून टाकलेला नाही.

आता प्रत्येक मोठ्या फेरीच्या आधी बाबा मला हाक मारतात, "रोशे, बगून घे गो." मी गोणपाट टाकून खाली जाते, सगळे सांधे हाताने बघते. बाबा वर बसतात. माझी एकच अट असते, की मी खाली आहे तोवर त्यांनी बोलत राहायचं. काहीही. मग ते बोलतात... आज भेंडीला काय भाव लागला, कुणाच्या बैलाने कुणाचं कुंपण मोडलं, सरळगावला नवीन वडापाववाला कसा बसलाय. बोलता बोलता चाक फिरवतात, अजूनही गरजेपेक्षा जास्तच. मी खालून ओरडते, ते वरून ओरडतात.

मध्ये कधी श्वास घ्यायला म्हणून ते थांबले, की मी लगेच बाहेर येते. हात सांध्यावर असला तरी, काम अर्धं असलं तरी. आणि आधी केबिनमध्ये बघते.